दोन टक्क्यांची शाळा

१८६० च्या दशकात भंडारा जिल्ह्यात तीससाला जमीन-बंदोबस्ताचं काम चालू होतं. बांधी (धानाची बांध घातलेली शेतं) मोजल्या जात होत्या, धुरे (शेतांच्या कडेचे बांध) ठरत होते, कुठली जमीन तलावाच्या पाण्याखाली आणि कुठली नुसत्या पावसावर हे कागदावर चढत होतं. हा जिल्हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजानं पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या तलावांवर इथली शेती उभी होती, आणि त्या शेतीवर सरकार आता पक्का सारा बसवत होतं. भोसल्यांच्या काळात गावाचा वसूल गोळा करून देणारा पाटील या बंदोबस्तात मालगुजार झाला, म्हणजे गावाचा मालकच झाला. त्याच्याशी जो करार झाला त्यात साऱ्याच्या आकड्याखाली आणखी काही छोट्या रकमा होत्या. रस्त्यासाठी उपकर, डाकेसाठी उपकर, आणि शाळेसाठी उपकर. शाळेचा आधी साऱ्याच्या एक टक्का होता, मग दोन टक्के झाला.

भंडाऱ्याच्या सरकारी शाळेचा जन्म या दोन टक्क्यांत आहे. पंतोजींच्या खाजगी शाळा त्याआधीही होत्या. ओट्यावर किंवा देवळात बसून चार पोरांना अक्षरओळख आणि हिशेब शिकवला जाई, आणि गुरुजींचं पोट पालकांच्या शिध्यावर चाले. पण गावाच्या जमिनीवर कर बसवून त्यातून शाळा चालवायची, ही रीत नवी होती. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, दत्तक नाकारून ईस्ट इंडिया कंपनीनं १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त म्हणून आले. टेंपल धडाक्याचे प्रशासक होते. त्याच वर्षी त्यांनी प्रांताचं शिक्षण खातं उभं केलं आणि जिल्ह्याच्या गावी, कसब्यात आणि खेड्यात अशा तीन पायऱ्यांच्या शाळांचा नकाशा आखला. १८६७ मध्ये भंडारा, तुमसर आणि पवनी इथं नगरपालिका आल्या. जिल्ह्यात तेव्हा शहर म्हणावं अशी ही तीनच ठिकाणं होती, आणि बाकी सारी खेडी.

दोन टक्के म्हणजे किती, हे एकदा बोटांवर मोजून पाहायला हवं. एखाद्या गावाचा वर्षाचा सारा ३०० रुपये धरला, तर शाळेचा उपकर सहा रुपये होतो. मास्तराला महिन्याला आठ रुपये द्यायचे म्हटले तरी वर्षाला ९६ रुपये लागतात. म्हणजे एका मास्तराच्या नुसत्या पगारासाठी अशी सोळा गावं लागतात. जिल्ह्यात गावं दीड हजारांहून जास्त. तेव्हा शाळा उघडली ती सोळा गावांतल्या एका मोठ्या गावी, जिथं बाजार भरतो, जिथं चावडी आहे, जिथं मालगुजाराचा वाडा आहे. उरलेल्या पंधरा गावांनी वर्षामागून वर्षं सहा-सहा रुपये भरले आणि त्यांची पोरं म्हशींमागं राहिली. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, पण हिशेबाचा आकार हाच होता. पैसा सगळ्या गावांचा, शाळा काही गावांची, आणि शाळा कुठं व्हावी हे ठरवणारं ऑफिस भंडाऱ्याला किंवा नागपूरला.

या जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास मी या एका प्रश्नाच्या मागं मागं जात वाचतो. शाळेचा पैसा जमिनीतून येतो. मग शाळेबद्दल बोलण्याचा अधिकार त्या जमिनीवर राबणाऱ्याला केव्हा मिळाला, आणि मिळाला तेव्हा त्याचं काय झालं?

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशानं आपल्याही आधी सोडवायला घेतला होता, म्हणून थोडं तिकडं जाऊन येऊ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं १६४७ मध्ये कायदा केला: ५० कुटुंबांच्या गावानं मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा, १०० कुटुंबांच्या गावानं व्याकरणशाळा काढावी. खर्च कसा भागवायचा ते गावानं ठरवायचं. पुढं देश स्वतंत्र झाला, पश्चिमेकडची जमीन मोजायची वेळ आली, तेव्हा १७८५ च्या जमीन अध्यादेशानं प्रत्येक टाउनशिपचे ३६ चौकोन पाडले आणि त्यातला १६ वा चौकोन शाळेसाठी राखून ठेवला. चौकोन ६४० एकरांचा. जमिनीच्या मोजणीतच शाळेचा तुकडा आखला गेला. भंडाऱ्यातही शाळा जमीन मोजणीच्या कागदातूनच आली, पण तिकडच्या गावकऱ्यांनी शाळेचा कर स्वतःवर बसवून घेतला, शाळेची समिती स्वतः निवडली, मास्तर ठेवायचा की काढायचा हे स्वतः ठरवलं. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखही नाही. शाळा ही आधी गावाची आणि मग राज्याची बाब राहिली. होरेस मान १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले, तेव्हा त्यांच्या हाती हुकूम सोडण्याचे अधिकार फारसे नव्हतेच. त्यांना गावोगाव फिरून लोकांना पटवून द्यावं लागलं. शाळेत जाण्याची सक्ती करणारा पहिला राज्य कायदा मॅसॅच्युसेट्सनं केला तो १८५२ मध्ये, म्हणजे भोसल्यांचं राज्य नागपुरात अजून टिकून होतं तेव्हा.

हे चित्र गोड वाटतं, पण त्यातली काळी बाजू झाकून चालणार नाही. १६ वा चौकोन ज्या जमिनीवर आखला जात होता तिच्यावरून मूळ रहिवाशांना हुसकावलं जात होतं. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. आणि गुलामी संपल्यावरही गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी, हे गावानंच निवडलेल्या समित्यांनी सांभाळलं. गावाच्या हाती शाळा दिली की ती सगळ्या गावाची होते, असं नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी आणि इथल्या शाळेच्या पैशातला अन्याय, या दोन्ही गोष्टी जोतीराव फुल्यांना दिसत होत्या. त्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी जो हिशेब मांडला तो भंडाऱ्याच्या सोळा गावांना तंतोतंत लागू पडतो. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांनी आयोगाला तोंडावर सांगितलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणीही त्याच निवेदनात आहे.

त्यानंतरच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मध्य प्रांताला स्थानिक स्वराज्याचा कायदा मिळाला. जिल्हा कौन्सिल आणि तिच्या हाताखाली लोकल बोर्डं आली, आणि खेड्यांतल्या शाळांची देखभाल त्यांच्याकडं गेली. पहिल्यांदाच शाळेच्या पैशाबद्दल जिल्ह्यातली माणसं एका टेबलाभोवती बसली. पण बसली कोण? गावांचे गट पाडले होते आणि गटाचा प्रतिनिधी गावच्या मुकद्दमांतून, म्हणजे गावप्रमुखांतून, निवडला जाई. म्हणजे मालगुजार, मुकद्दम, आणि शहरातले वकील आणि व्यापारी. ज्याच्या नावावर बांधी होती त्याला आवाज मिळाला. ज्याचे पाय बांधीच्या चिखलात होते त्याला नाही. महार, गोंड, ढिवर, हलबा, विणकर कोष्टी यांच्या मुलांच्या शाळेचा निर्णय दुसरेच लोक करत राहिले. महारांच्या पोरांनी शाळेत यावं की नाही, आलं तर कुठं बसावं, यावर विदर्भातल्या कितीतरी गावांत पुढं कित्येक दशकं भांडणं झाली.

शतकाच्या शेवटी जिल्ह्याचं कंबरडंच मोडलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी धानाचा हा मुलूख उद्ध्वस्त केला. १८९१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४२ हजार होती, ती १९०१ मध्ये ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती अकरा टक्क्यांच्या आसपास घटली. ज्या गावात भाकरी नाही तिथं पाटी कोण धरणार? उपकर साऱ्यावर होता, आणि सारा माफ किंवा तहकूब झाला की शाळेचा पैसाही आटला. जमिनीच्या आधारानं शाळा चालवण्यातला हा धोका मोजणीच्या कागदात कुणी लिहिला नव्हता.

या काळातली एक गोष्ट मात्र मला फार शहाणपणाची वाटते. मध्य प्रांताच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अर्धवेळ शाळा चालवल्या जात. सकाळी वर्ग, आणि पुढचा वेळ शेतासाठी मोकळा. झाडीपट्टीचं, म्हणजे या धानाच्या मुलखाचं, वर्षच असं आहे की पूर्ण दिवसाची शाळा त्यात बसत नाही. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे, आषाढात रोवणी सुरू झाली की घरातलं लहान-मोठं प्रत्येक माणूस बांधीत. बायका ओळीनं वाकून रोपं लावतात, पुरुष चिखल करतात, आणि दहा वर्षांचं पोरगं पऱ्ह्याच्या पेंड्या उचलून धुऱ्यावरून पळवतं. त्याच्या पाठचं बहीणभाऊ सांभाळायला सात वर्षांची मुलगी घरी. मग दिवाळीच्या मागंपुढं कापणी, त्यानंतर चुरणा, म्हणजे मळणी. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची आणि तेंदूची पानं तोडायची. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा दिसतात त्या आळसाच्या नसतात. त्या नक्षत्रांच्या असतात. शाळेची वेळ गावाच्या कामाशी जुळवून घेणारी ही व्यवस्था अपुरी होती, अभ्यासक्रमही कापलेला होता, पण गावाला गाव म्हणून बघणारा हा एक तरी निर्णय होता.

सक्तीच्या शिक्षणाची हवा तोवर देशात फिरू लागली होती. बडोद्याच्या सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ मध्ये प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. त्याच वर्षी ते अमेरिकेचा दौरा करून आले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पुढं १९२० मध्ये मध्य प्रांतानं स्वतःचा प्राथमिक शिक्षण कायदा केला. त्यात सक्ती होती, पण ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेनं ठरवायचं होतं. सक्ती केली की शाळा वाढवाव्या लागणार, मास्तर वाढवावे लागणार, म्हणजे कर वाढवावा लागणार. मालगुजारांनी भरलेल्या कौन्सिलांनी हात आखडता घेतला. कायद्यानं दार उघडं ठेवलं होतं, पण त्या दारातून जाण्याची घाई असलेली माणसं कौन्सिलात बसत नव्हती.

ती माणसं बाहेर होती आणि संघटित होत होती. नागपुरात दलित चळवळीतले किसन फागूजी बनसोड लिहीत होते, शाळा काढत होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथले कालीचरण नंदागवळी १९२० च्या दशकात प्रांताच्या कायदेमंडळात पोचले. मध्य प्रांताच्या त्या सभागृहात शिरलेल्या पहिल्या काही दलित सभासदांत त्यांचं नाव आहे. आणि सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. तिथं त्यांचे एक गुरू होते जॉन ड्युई. शाळा आणि लोकशाही या एकमेकींशिवाय जगू शकत नाहीत, असं आयुष्यभर मांडणारा हा माणूस. भंडाऱ्याच्या राजकारणात आंबेडकरांचं नाव पुढं वेगळ्या प्रकारे यायचं होतं.

१९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शाळा व जमीन यांचं जुनं नातं पुन्हा एकदा टेबलावर आलं. ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनं नई तालीमची रूपरेषा आखली, सूतकताई आणि हातकामाभोवती गुंफलेलं सात वर्षांचं शिक्षण. तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी त्याच्या शेजारी स्वतःची एक योजना मांडली, विद्यामंदिर. कल्पना साधी होती. गावातल्या दात्यानं जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून मास्तराचा पगार आणि शाळेचा खर्च निघावा. सरकारच्या तिजोरीकडं बघत बसायला नको. १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला या शाळांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळाही सुरू झाली.

अमेरिकेतला १६ वा चौकोन आणि शुक्लांची दानाची जमीन यांत एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते योजनेचं भवितव्य त्यातच होतं. तिकडं जमीन कायद्यानं राखली होती, इकडं ती दात्याच्या मनावर होती. देणारा मालगुजार. म्हणजे शाळा पुन्हा वाड्याच्या उपकाराची. पगार कमी, त्यातही तो पिकावर अवलंबून, आणि ‘मंदिर’ या नावालाच मुस्लिम समाजाचा तीव्र विरोध. थोड्याच शाळा उघडल्या, नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि योजनेचं बळ संपलं. तरी मी ती टाकाऊ म्हणणार नाही. शाळेला स्वतःचं, कुणाच्या मेहेरबानीवर नसलेलं उत्पन्न हवं हा त्यामागचा विचार खरा होता. फक्त जमीन हक्कानं यायला हवी होती, दानानं नव्हे.

स्वातंत्र्यानंतर घटना भराभर घडल्या. १९४८ मध्ये जिल्हा कौन्सिलं मोडून तहसीलवार जनपद सभा आल्या. भंडारा, साकोली आणि गोंदिया या तहसिलींच्या शाळा आता त्या त्या जनपदाच्या. जुनी माणसं अजूनही ‘जनपदची शाळा’ म्हणतात ती ही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ज्या वाड्यांनी नव्वद वर्षं गावाच्या वतीनं सरकारशी बोलणं केलं होतं त्यांचा अधिकार एका कायद्यानं संपला. तलावही सरकारजमा झाले, आणि लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले, माजी मालगुजारी तलाव.

मग आलं १९५४. त्या वर्षी भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. आंबेडकर तिथून उभे राहिले. ज्यानं देशाची घटना लिहिली, ज्यानं घटना परिषदेत खेड्याला आदर्श मानायला ठाम नकार दिला, तो माणूस झाडीपट्टीतल्या खेड्यांत मतं मागत फिरला. आणि हरला. त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्राउन खटल्यात निकाल दिला की काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच अनुभव आहे: गावाच्या हाती दिलेली सत्ता गावातल्या दुबळ्याला बाहेर ठेवू शकते, आणि तेव्हा गावाच्या वरचा कायदा लागतो. आंबेडकरांनी आपल्या घटनेत तो कायदा आधीच लिहून ठेवला होता. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत जातीवरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम २९ मध्ये १९५० पासूनच आहे.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. वसंतराव नाईक समितीनं १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा काम करू लागल्या. माझ्या समजुतीप्रमाणं भंडाऱ्याच्या शिक्षणातला सगळ्यात मोठा दिवस हाच. प्राथमिक शाळा, तिचे मास्तर, तिची इमारत, तिचा खडू-फळा, सगळं निवडून आलेल्या परिषदेच्या शिक्षण समितीकडं आलं. मतदान आता सगळ्यांचं. शेतमजूर मत देणारा, तेंदूपानवाला मत देणारा, बाई मत देणारी. सभेत बसलेल्या सदस्याला आपल्या टोल्याला, म्हणजे वस्तीला, शाळा का नाही याचं उत्तर घरी जाऊन द्यावं लागे, आणि म्हणूनच जंगलाकडेच्या टोल्या-पाड्यांपर्यंत एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा पोचल्या. सोळा गावांच्या हिशेबातल्या त्या उरलेल्या पंधरा गावांत पाटी पोचली ती या काळात. छोटे मामा तलावही पुढं याच परिषदेकडं आले. धानाला पाणी देणारा बंधारा आणि पोराला अक्षर देणारी शाळा एकाच सभेच्या विषयपत्रिकेवर, हे जिल्ह्याच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं.

परिषदेचा जोर प्राथमिकवर होता. सातवीनंतर काय, याचं उत्तर दुसऱ्या हातांनी दिलं. भंडाऱ्याला जुनं मन्रो हायस्कूल होतं, पण ते जिल्ह्याच्या गावी. खेड्यातलं पोर तिथं यायचं तर राहायचं कुठं, खायचं काय? गोंदियाचे मनोहरभाई पटेल हे तेंदूपान आणि बिडीच्या धंद्यातले माणूस. स्वतःला शाळा फारशी लाभली नव्हती. त्यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि जिल्हाभर हायस्कूलं, कॉलेजं उभी केली. एकाच दिवशी बावीस हायस्कूलं उघडल्याची गोष्ट जिल्ह्यात अजून अभिमानानं सांगितली जाते. बिड्या वळायच्या ज्या सुपानं घराघरातल्या पोरींना शाळेतून ओढून ओसरीवर बसवलं, त्याच धंद्याच्या पैशातून त्यांच्या भावांची आणि पुढं त्यांचीही हायस्कूलं झाली. इतिहास इतका गुंतलेला असतो, आणि मनोहरभाईंचं ऋण मान्य करताना त्या सुपापुढं वाकलेल्या पोरींचं ऋण विसरू नये. या संस्थेच्या पावलावर इतर संस्था निघाल्या. हायस्कूलचा कारभार संस्थेच्या मंडळाकडं, पगार सरकारच्या अनुदानातून, अशी दुहेरी रचना पक्की झाली. मंडळ गावानं निवडलेलं नसतं, ही तिची उणीव. पण दहावी झालेली पहिली पिढी या हायस्कूलांनीच दिली.

१९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेलं. निर्णयाची खुर्ची मुंबईहून दिल्लीकडं सरकू लागली. अमेरिकेतही याच सुमारास हेच चाललं होतं. तिथलं केंद्रीय शिक्षण खातं १९७९ च्या कायद्यानं स्थापन झालं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि उरलेल्या भंडाऱ्यात आज सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या पुढं गेली. दुष्काळात माणसंच उरली नव्हती त्या १९०१ च्या जिल्ह्यापासून हे अंतर जिल्हा परिषदेच्या मास्तरांनी आणि मास्तरणींनी चालून काढलं आहे. त्यांतले किती जण पावसात नाले ओलांडून, सायकल खांद्यावर घेऊन टोल्यावर पोचत, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्यानं शाळेच्या कारभारात एक नवं दार काढलं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. १८८३ च्या मुकद्दमांच्या लोकल बोर्डाशेजारी ही समिती ठेवून पाहिली की सव्वाशे वर्षांत काय मिळवलं ते दिसतं. फुल्यांचा हिशेब आणि आंबेडकरांची शंका, दोन्ही या एका तरतुदीत उतरली आहेत. समितीनं शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, अनुदानाचा खर्च बघायचा, शाळेचा विकास आराखडा करायचा.

पण शाळा राहणार की जाणार हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. आणि आज नेमका तोच प्रश्न दाराशी आहे. धानाच्या शेतीत भागत नाही म्हणून तरुण जोडपी नागपूरला, पुण्याला जातात. जी राहतात त्यांना खाजगी इंग्रजी शाळेच्या बसचा हॉर्न ऐकू येतो. टोल्यावरच्या शाळेची पटसंख्या दहावर, पंधरावर येते. २०१७ मध्ये राज्यानं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा शेजारच्या शाळांत मिसळायचं ठरवलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची, म्हणजे अनेक छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, कल्पना पुढं आली आणि पानशेत व तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. अमेरिका या वाटेनं पूर्वीच गेली आहे. १९३९-४० मध्ये तिथं एक लाख सतरा हजारांहून जास्त शालेय डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा स्थानिक कारभार पाहणारे विभाग, होते, आज ते तेरा हजारांच्या आसपास आहेत. एका खोलीच्या शाळा मिटल्या, पिवळ्या बसा आल्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयं आली. मिळालं बरंच. पण शाळा गेलेली कितीतरी छोटी गावं पुढं विझत गेली, आणि पूर्वी दर काही कुटुंबांमागं एक असणारा शाळा मंडळाचा निवडून आलेला सभासद आता हजारो कुटुंबांमागं एक उरला.

बारा पोरांच्या शाळेत बारा पोरांना चांगलं शिकता येतं का, हा प्रश्न खोटा नाही. चार इयत्ता एका खोलीत, एका मास्तराच्या गळ्यात, त्यात त्याच्या डोक्यावर पोषण आहाराचे हिशेब आणि मतदारयाद्या, हे मी कुणाला आदर्श म्हणून सांगणार नाही. पण ज्यांच्या पोरांची ती शाळा आहे त्यांना विचारल्याशिवाय तिच्या दाराला कुलूप लागू नये. समूह शाळेची बस पावसाळ्यात नाल्यापलीकडं येणार का, सात वर्षांची मुलगी त्या बसमधून जाणार का, गेली नाही तर ती पुन्हा बिडीच्या सुपापुढं बसणार का, याची उत्तरं गावाला ठाऊक असतात. पटसंख्येच्या रकान्यात ती नसतात. कुठलीही शाळा मिसळण्याआधी तो विषय व्यवस्थापन समितीपुढं आणि ग्रामसभेपुढं मतदानाला यावा, समितीच्या नकाराला वजन असावं, आणि बसची हमी ठरावात लेखी असावी. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल तर ती करावी. आणि ती सभा रोवणीच्या दिवसांत लावू नये. त्या दिवसांत आयाबाया पहाटेपासून बांधीत असतात, आणि समितीतल्या निम्म्या जागा त्यांच्या आहेत.